२०४ चं छत आणि ३०४ ची मोरी

आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांना नावापेक्षा फ्लॅटच्या नंबराने जास्त ओळखतात. ‘तीनशे चारवाले’, ‘दोनशे चारच्या काकू’ असंच बोललं जातं. इथेही नंबरच वापरतो आहे, आणि तेही बदलून. दोन्ही घरांना हे लिहिलेलं वाचून दाखवलं आहे. त्यांनी सुचवलेल्या दोन दुरुस्त्याही केल्या आहेत.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. गळतीचं हे एक प्रकरण आमच्याकडे जुलै २०२२ पासून मे २०२३ पर्यंत, म्हणजे दहा महिने चाललं. ते तीन आठवड्यांत सुटू शकलं असतं. ते का लांबलं आणि शेवटी कशाने सुटलं, हे तपशिलाने लिहून ठेवायचं कारण एवढंच की मुंबईत आमच्यासारख्या इमारती हजारोंनी आहेत आणि त्या प्रत्येकीत एक २०४ आणि एक ३०४ असतंच.

इमारत मुलुंड पूर्वेला. बांधकाम १९८४ सालचं, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही, ३२ फ्लॅट. जवळपास सगळी घरं वन बीएचके, चारशे-सव्वाचारशे चौरस फूट कार्पेटची. न्हाणीघर आणि संडास वेगवेगळे, पण घरटी एकेकच. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे सगळं गाडं त्याच्यापाशीच अडलं.

२०४ मध्ये बेस्टमधून निवृत्त झालेले काका आणि काकू राहतात. त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला. बरोबर त्यांच्या डोक्यावर, ३०४ मध्ये, कच्छी कुटुंब: भाई, भाभी, कॉलेजात जाणारा मुलगा, शाळकरी दोन मुली आणि ८४ वर्षांच्या बा. भाई मशीद बंदरला मसाल्याच्या पेढीवर हिशेब बघतात. दोन्ही घरं इमारत बांधली तेव्हापासूनची. संक्रांतीला खालून तिळाच्या वड्या वर जायच्या आणि वरून उंधियूचा डबा खाली यायचा. गणपतीत बा दर वर्षी काकूंकडे आरतीला यायच्या, गुडघे दुखायला लागले तशा जिन्यात दोनदा टेकत टेकत यायच्या. ३०३ चे मालक डोंबिवलीला राहतात. तो फ्लॅट त्यांनी केरळहून आलेल्या चार नर्सना भाड्याने दिला आहे. शिफ्टच्या नोकऱ्या असल्यामुळे त्यातली एक तरी कायम घरात झोपलेली असते.

जुलै २०२२ मध्ये २०४ च्या न्हाणीघराच्या छतावर, कोपऱ्यात, ताटलीएवढा ओला डाग उमटला. पावसाळा होता, कुणी फार मनावर घेतलं नाही. ऑगस्टमध्ये थेंब पडायला लागले तेव्हा काकांनी सोसायटीला रीतसर पत्र दिलं. त्याला आम्ही दिलेलं उत्तर मीच लिहिलं होतं. ‘सदर बाब दोन सभासदांमधील अंतर्गत स्वरूपाची असून उभयतांनी आपसात मिटवावी.’ एक वाक्य, सही, शिक्का. आज ते पत्र फाइलमध्ये बघताना मला वाईट वाटतं. कारण पाणी कुठून येतंय हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तरी बाब कुणाची हे मात्र आम्ही ठरवून मोकळे झालो होतो.

नियम तसे स्पष्ट आहेत. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची, ड्रेनेजची गळती सोसायटीने स्वखर्चाने काढायची. फ्लॅटच्या आतल्या संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे होणारी गळती संबंधित सभासदाने काढायची. पण हा नियम लावण्याआधी पाणी कुठलं हे कळावं लागतं, आणि ते शोधायचं कुणी, यावर बहुतेक कमिट्या गप्प बसतात. खालचा म्हणतो वरच्याने शोधावं. वरचा म्हणतो माझ्याकडे तर काहीच गळत नाही. त्याचंही खरंच असतं, त्याच्या घरात सगळं कोरडं ठणठणीत असतं.

भाई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, ‘पाणी आमचं नाही, डक्टमधून येतंय, वरच्या मजल्याचं आहे.’ (डक्ट म्हणजे ड्रेनेजचे पाइप जातात ती इमारतीतली उभी पोकळी.) आम्हाला ती टाळाटाळ वाटली. काका पहिल्या दिवसापासून सांगत होते, ‘तुमच्या मोरीचंच आहे.’ आम्हाला तेच पटलं, कारण डाग मोरीच्या खालीच होता.

त्यात रिडेव्हलपमेंटची भुणभुण. आमच्याकडे २०१७ पासून बिल्डर येऊन बघून जात आहेत. बोलणी होतात, कार्पेट किती आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरने द्यायची ठोक रक्कम, किती यावर अडतात, बिल्डर दिसेनासा होतो. पण तेवढ्यामुळे कुठलाही खर्च निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आता दोन वर्षांत पडायचीच आहे बिल्डिंग, कशाला पैसे घालवायचे?’ ही ‘दोन वर्षं’ सहा वर्षं चालली आहेत. मुंबईतल्या चाळीस वर्षांच्या इमारतींची खरी दुरवस्था पावसापेक्षा या वाक्याने जास्त केली आहे, असं माझं मत आहे.

नोव्हेंबरच्या मध्यात काका वैतागले आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून ९,००० रुपये घालून छताला खालून ग्राउटिंग करून घेतलं. म्हणजे स्लॅबला भोकं पाडून, नळ्या बसवून, दाबाने केमिकल भरायचं. थेंब थांबले, काकूंनी बादली उचलून ठेवली. पाच आठवड्यांनी पॅसेजच्या भिंतीवर, स्विचबोर्डच्या वीतभर वर, ओल आली. स्लॅबमध्ये साठलेलं पाणी कुठूनतरी वाट काढणारच. खालून बूच मारल्याने वरचं पाणी येणं बंद होत नाही, ते फक्त आडवं पसरतं. हे नंतर इंजिनिअरने आम्हाला समजावलं, तोवर पैसे गेले होते.

११ जानेवारी २०२३ ला सकाळी न्हाणीघराच्या छताचा पाटाएवढा पोपडा खाली पडला. काका पाच मिनिटांपूर्वीच अंघोळ करून बाहेर आले होते. वर बघितलं तर स्लॅबच्या सळ्या उघड्या, गंजून फुगलेल्या. मुलीला सातवा महिना सुरू होता आणि ती फेब्रुवारीच्या शेवटी बाळंतपणाला यायची होती. त्या संध्याकाळी काकू वर गेल्या आणि ३०४ च्या दारात जे बोलल्या ते अख्ख्या जिन्याने ऐकलं. त्या संक्रांतीला ना वड्या वर गेल्या, ना डबा खाली आला.

दुसऱ्या दिवशी मी पाहणीला गेलो. न्हाणीघर बघून झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘तुम्हाला लेखी लागतं ना सगळं? हे घ्या लेखी.’ आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं.

त्यात दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीने टिंबं होती. थेंबाखाली ठेवलेली छोटी बादली एकदा भरली की एक टिंब. सप्टेंबरपासून ग्राउटिंगच्या दिवसापर्यंत एकही दिवस सुटला नव्हता. रोज तीन टिंबं, कधी चार. पाऊस थांबल्यावरही तीनच. म्हणजे पावसाचं पाणी नाही, हे एक झालं. पण मी थांबलो तो दिवाळीच्या पानावर. ३०४ वाले दिवाळीनंतर, २७ ऑक्टोबरला, कच्छला गावी गेले होते आणि ५ नोव्हेंबरला परतले. घराला कुलूप, पाण्याचा थेंब वापरात नाही. त्या दिवसांच्या चौकोनांत तीनाऐवजी एकेक टिंब होतं. दोन दिवस काहीच नव्हतं. पण बाकी दिवस एक टिंब होतंच.

घर बंद असताना गळती कमी झाली, म्हणजे ३०४ चं पाणी येत होतं. घर बंद असतानाही बादली भरत होती, म्हणजे दुसरंही कुठलंतरी पाणी होतं. काका आणि भाई, दोघंही अर्धे बरोबर होते. हा पुरावा अडीच महिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला होता. तो आम्ही कुणी मागितला नव्हता.

कमिटीने त्याच आठवड्यात सोसायटीच्या खर्चाने इंजिनिअर बोलावला. त्याने तीन चाचण्या सांगितल्या. त्या कुठल्याही इमारतीत करता येतात आणि त्यांना खर्च जवळपास नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली, नळाच्या लाइनची. गच्चीवरच्या टाकीतून त्या बाजूच्या घरांना उतरणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह रात्री ११ पासून पहाटे ५ पर्यंत बंद ठेवला. नळाची लाइन फुटलेली असेल तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर थेंब मंदावतात. आमच्याकडे काही फरक पडला नाही. पाणी वापरून झालेलं, म्हणजे ड्रेनेजचं आहे, एवढं नक्की झालं.

दुसरी, मोरीची. २२ जानेवारी, रविवार. ३०४ च्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड, चिंध्या आणि प्लास्टिक कोंबून बंद केला, उंबऱ्यापर्यंत दोन इंच पाणी भरलं आणि त्यात नीळ कालवली. चोवीस तास ते तसंच ठेवायचं होतं. खाली २०४ मध्ये काकांनी स्टुलावर चिनी मातीची पांढरी बशी ठेवली आणि घड्याळ लावून थेंब मोजायला बसले. सुरुवातीला मिनिटाला ६. दुपारपर्यंत १९. रंग काही दिसेना. टाइल्सखालचा विटांच्या तुकड्यांचा जुना थर, म्हणजे कोबा, रंग बराचसा शोषून घेतो, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणून गळती नाही असं समजायचं नसतं, हे इंजिनिअरने आधीच सांगून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी बशीच्या कडेला फिकट निळी रेघ धरली होती. काकांनी ती बशी तशीच हातात धरून वर नेली. भांडण नाही, आवाज नाही. भाईंनी बशी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, ‘हां. आमचंच आहे.’

तिसरी, डक्टची, त्याच सोमवारी दुपारी. प्लंबर गच्चीवरून दोर बांधून डक्टमध्ये उतरला. ४०४ च्या संडासात गेरू कालवलेलं पाणी ओतलं. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबपाशी, बिडाच्या जुन्या पाइपाच्या जोडातून लाल पाणी भिंतीवर ओघळताना त्याला दिसलं. जोडात पिंपळाचं मूळ शिरलं होतं. रोप बाहेरून जेमतेम दोन फुटांचं, नऊ-दहा पानं. प्लंबरने ओढलं तर आतून पांढऱ्या तंतूंची हातभर लांब दाढीच बाहेर आली. पाइपात पाणी आणि खत दोन्ही मिळतं, मग पिंपळ का नाही वाढणार! ही गळती सामाईक पाइपाची, म्हणजे सरळ सोसायटीची. ऑगस्टमध्ये ‘आपसात मिटवा’ म्हणून कळवणाऱ्या आमची.

त्याच संध्याकाळी मी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लावली.

आता खरी अडचण. ३०४ च्या मोरीचं काम म्हणजे फटी भरणं नव्हे. टाइल्स फोडायच्या, कोबा पार स्लॅबपर्यंत उकरायचा, स्लॅबला केमिकलचे हात मारायचे, पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे भरणी करायची, नवा ट्रॅप बसवायचा, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा ढाळ काढून घालायचा, भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे गोलसर भरणी, करायचा, पाणी भरून दोन दिवस बघायचं आणि मगच टाइल्स. संडासाचा ट्रॅपही त्याच खड्ड्यात, त्यामुळे तोही काढायचा. कंत्राटदार म्हणाला, दोन्ही एकदम करू, बारा-तेरा दिवस द्या.

आम्ही कमिटीचे तिघं ३०४ मध्ये बसलो होतो. पैशांचं बोलणं होईल अशी तयारी करून गेलो होतो. भाई पैशांबद्दल बोललेच नाहीत. बा पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी गुजरातीत एवढंच विचारलं, ‘मने क्यां लई जशो?’ मला कुठे नेणार?

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. सहा माणसं, एक मोरी, एक संडास. तेरा दिवस जायचं कुठे? मुलुंडात पंधरा दिवसांसाठी खोली कुणी देत नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, वर डिपॉझिट, वर दलालाची दलाली. गेस्ट हाउसचं सहा माणसांचं बिल दुरुस्तीच्या बरोबरीने झालं असतं. नातेवाइकांची घरंही वन बीएचकेच. आणि ज्या बाईला तीन जिने उतरायला पाऊण तास लागतो तिला हलवायचं कसं? जुलैपासून भाई जे ‘नाही, नाही’ म्हणत होते त्याच्या मुळाशी हे होतं. पाणी आपलं नाही असं त्यांना मनापासून वाटत होतंच, पण ते आपलं निघालं तर काय, या विचाराने झोप उडत होती, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आम्ही मात्र सहा महिने त्यांना हेकट समजत होतो.

मार्ग निघाला तो असा. जिन्यात आमची चर्चा चालली असताना ३०३ मधली एक सिस्टर नाइट ड्यूटीहून येत होती. तिने थांबून ऐकलं आणि हिंदीत म्हणाली, ‘हमारा बाथरूम है ना. हम चार में से दो तो हमेशा ड्यूटी पे रहते हैं.’

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच सोसायटीने २०२१ च्या वार्षिक सभेत ‘बॅचलर भाडेकरूंना फ्लॅट देऊ नये’ असा ठराव केला होता. कारणांमध्ये ‘वेळी-अवेळी येणं-जाणं’ लिहिलं होतं. तो ठराव टिकणाराच नव्हता, कारण उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. सोसायटी जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लावू शकते. पण ठराव झाला होता, आणि तो या चौघींना उद्देशूनच होता. त्यांना ते माहीत होतं. ज्यांना सभेत बसायचा अधिकार नाही, मत नाही, त्यांनी दार उघडलं.

मग आमच्यातलाच एक जण हळूच म्हणाला, ‘पण बांना चालेल का? त्यांच्याकडे मासे होतात.’ आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही चालणार, असं ठरलंसुद्धा. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, ‘बांना विचारलंत का?’ त्यांनी आत जाऊन विचारलं. बांना माशांचं काही नव्हतं. अनोळखी मुलींपुढे आपलं लटपटणं दिसेल याची त्यांना लाज वाटत होती. सिस्टर आत गेली, पलंगाशी बसली, बांचा हात हातात घेऊन नाडी बघितल्यासारखं केलं आणि काय बोलली कोण जाणे, तिला गुजराती येत नाही आणि बांना हिंदी थोडंच येतं. पंधरा मिनिटांनी दोघी हसत होत्या.

कंत्राटदाराला आम्ही काम दोन टप्प्यांत करायला लावलं, आधी मोरी, मग संडास. त्याची कुरकुर होती. जोडाच्या जागी वॉटरप्रूफिंग दोनदा करावं लागतं आणि माणसं दोनदा आणावी लागतात. पण त्यामुळे घरात एका वेळी एकच गोष्ट बंद राहणार होती. आमच्या नियमाप्रमाणे ठोकाठोकी सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ एवढीच चालते. म्हणजे गवंडी आणि बिगारी तीन तास नुसते बसून राहतात आणि चार दिवसांचं काम सहा-सात दिवसांवर जातं. त्या पंधरवड्यापुरती दुपारची सुटी काढून टाकली. ज्यांच्या घरी तान्ही मुलं होती त्या दोन घरांत मी स्वतः जाऊन विचारून आलो.

विशेष सर्वसाधारण सभा २९ जानेवारीला, गच्चीवर. नोटीस मराठीत, भाषणं हिंदीत, हिशेब गुजरातीत आणि वादावादी ज्याच्या त्याच्या भाषेत, अशीच आमची सभा असते. विषय एकच, ४ नंबरच्या डक्टमधला गच्चीपासून तळापर्यंतचा जुना बिडाचा पाइप काढून नवा टाकणे, खर्च २,४०,००० रुपये, दुरुस्ती निधीतून. तळमजल्यावरच्यांनी विचारलं, आमचा काय संबंध? पलीकडच्या बाजूच्यांनी विचारलं, आमच्या डक्टचं कधी? आणि अर्थातच, बिल्डर येणार आहे त्याचं काय? काका उठले. ते सभेत कधी बोलत नाहीत. त्यांनी पिशवीतून पोपड्याचा एक तुकडा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘बिल्डर येईल तेव्हा येईल. हे आलं.’ ठराव मंजूर झाला.

पैशांचं शेवटी असं जमलं. ३०४ च्या कामाचं कोटेशन १,१२,००० चं होतं. पाइपाचं आणि मोरीचं काम एकाच कंत्राटदाराला एकत्र दिलं, त्यामुळे तो ९४,००० वर आला आणि तीन हप्त्यांना कबूल झाला. ही युक्ती मी प्रत्येक सोसायटीला सांगेन. सभासदाचं काम आणि सोसायटीचं काम एकाच वेळी निघत असेल तर भाव एकत्र करावा. २०४ च्या छताचे ३८,००० कुणी द्यायचे यावर मात्र बराच घोळ झाला. मोरीचं पाणी किती आणि डक्टचं किती, हे कुणीच मोजून सांगू शकत नाही. कुणी काकूंच्या टिंबांवरून दोनास एक असं प्रमाण काढलं. तसं धरलं तर ३०४ वर २५,००० च्या वर बोजा पडत होता. मला ते योग्य वाटलं नाही. सोसायटीने ऑगस्टमध्येच डक्टमध्ये माणूस उतरवला असता तर पोपडा पडलाच नसता, हे मी सभेत बोलून दाखवलं. शेवटी निम्मे सोसायटीने, निम्मे ३०४ ने दिले. ग्राउटिंगचे ९,००० काकांचे गेले ते गेले. रंगाचा खर्च त्यांनी कुणाकडूनच घेतला नाही.

पाइपाचं काम १ ते ५ फेब्रुवारी. त्यातले दोन दिवस त्या बाजूच्या सगळ्या घरांचे संडास दिवसभर बंद होते आणि शेजाऱ्यांकडे जावं लागलं. मोरी ८ ते १५, संडास १६ ते २१. बांसाठी कमोडची खुर्ची भाड्याने आणली. मोरी बंद असताना एक सिस्टर ड्यूटीवर जाण्याआधी वीस मिनिटं येऊन बांना गरम पाण्याने अंग पुसून द्यायची, पलंगावरच, चादर ओली न होऊ देता. भाभी म्हणाल्या, ‘मी चार वर्षं त्यांना अंघोळ घालते आहे, पण हे असं करतात ते मला माहीतच नव्हतं.’ मोरी पूर्ण झाली तरी बा दोन-तीन दिवस तिचीच वाट बघायच्या.

कोबा उकरल्यावर खालचा ट्रॅप दिसला. तो जागेवरच उभा चिरलेला होता, चीर करंगळी जाईल एवढी. भाईंनी त्याचा फोटो काढला आणि स्वतःहून काकांना पाठवला.

२०४ च्या छताला ओल सुकायला वेळ द्यावा लागतो. सळ्या घासून, गंजरोधक हात मारून, पॉलिमर मॉर्टर भरून ते २४ फेब्रुवारीला बंद केलं. रंग मे महिन्यात दिला. मुलगी २६ ला आली. बारशाला ३०४ आणि ३०३, दोन्ही घरं खाली होती. बांना भाईंनी आणि त्यांच्या मुलाने खुर्चीत बसवून उतरवलं.

२०२३ च्या जुलैत मी दर रविवारी २०४ मध्ये जाऊन छताला हात लावून बघत होतो. कोरडं होतं. काकूंनी नव्या कालनिर्णयवर फक्त दुधाचे खाडे लिहिले होते.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी दोन विषय ठेवले. पहिला, बाकीच्या तीन डक्टचे पाइपही बदलायचे. इमारत तिशीच्या पुढची आहे, स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच लागतं, आणि १ नंबरच्या डक्टमध्ये पिंपळाची दोन रोपं मी गच्चीवरून डोळ्यांनी बघितली आहेत. त्यावर पाऊण तास बोलणं झालं आणि विषय पुढच्या सभेवर गेला, कारण एक नवा बिल्डर ऑक्टोबरात येणार होता. दुसरा, २०२१ चा बॅचलर भाडेकरूंचा ठराव रद्द करण्याचा. तो भाईंनी मांडला, काकांनी अनुमोदन दिलं. १७ विरुद्ध ६ मतांनी तो मंजूर झाला. विरोधातल्या सहा जणांपैकी दोघांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.

ऑक्टोबरात बिल्डर येऊन गेला. मी १ नंबरच्या बाजूच्या आठही घरांत एकेक कोरी वही देऊन आलो आहे, डाग दिसला की तारीख घालून लिहायला. १०१ च्या वहीत दोन नोंदी झाल्या आहेत.